जन्मतारीख सांगितली कुणी, आणि त्याला कशी ठाऊक?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळी अंकासाठी एका जुन्या अभिनेत्रीवर लेख लिहायचा आहे. मूकपटांच्या शेवटच्या काळात पडद्यावर आलेली, कोल्हापूर भागातली बाई. तिचं जन्मसाल एके ठिकाणी १९१३, दुसरीकडे १९१६ आणि तिसरीकडे १९१८ दिसतं. जन्मगावं दोन सांगतात. तिची भाची वेगळीच हकीकत सांगते. "सगळ्यात जास्त ठिकाणी १९१६ आहे, तर तेच धरू का?"

नका धरू. निदान एवढ्याच कारणासाठी तरी नको. मी गेली सव्वीस वर्षं जुन्या नटनट्यांच्या चरित्रनोंदी तपासते आहे. या कामात माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. एक माहिती दहा ठिकाणी दिसली की दहा जणांनी सांगितल्यासारखी वाटते, पण बहुतेक वेळा सांगणारा एकच असतो. कुणीतरी मृत्युलेखात घाईघाईने एक साल लिहिलं, ते विशेषांकाने उचललं, तिथून कोशात गेलं, कोशातून संकेतस्थळावर आलं आणि पुढच्या स्मृतिदिनाला वर्तमानपत्राने संकेतस्थळ बघून तेच छापलं. जागा दहा झाल्या, साक्षीदार एकच राहिला. आणि तो त्या बाईला कधी भेटलेलाही नसेल.

म्हणून आधी तुमच्याकडचे सगळे उल्लेख छापल्याच्या तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात जुना वर. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: हे सांगतंय कोण, केव्हा सांगतंय, आणि त्याला हे ठाऊक असायचं कारण काय. तिसरा रकाना बराचसा रिकामा राहील आणि तुमचा निम्मा गोंधळ तिथेच संपेल. चुकाही जशाच्या तशा उतरवल्या जातात, त्यांच्याकडे खास लक्ष द्या. गावाच्या नावातलं एखादं अक्षर चार लेखांत सारखंच चुकलेलं असेल तर ते चार लेख एकाच घरचे आहेत.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक खरं प्रकरण जरा विस्ताराने सांगते. ते हॉलिवूडचं आहे, पण त्याची गाठ शेवटी आपल्या मुंबईतल्या जन्मनोंदीपाशी सुटली.

मर्ल ओबेरॉन ही तीसच्या दशकातली मोठी तारका. अलेक्झांडर कोर्डा यांच्या आठव्या हेन्रीवरच्या १९३३ च्या चित्रपटात ती ॲन बोलिन झाली आणि तिथून तिचं नाव झालं. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं सर्वोत्तम अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. १९३९ मध्ये 'वुदरिंग हाइट्स' आला. त्याच वर्षी तिने कोर्डांशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाल्यावर ती लेडी कोर्डा झाली. या सगळ्या काळात तिची जन्मकथा ठरलेली होती: ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर, होबार्टमध्ये जन्म, वडील प्रतिष्ठित इंग्रज, शिकारीतल्या अपघातात गेले, मग मुलगी नातेवाइकांकडे हिंदुस्थानात आली. जन्माची नोंद? ती आगीत जळाली.

ही कथा चाळीसेक वर्षं छापली गेली. स्टुडिओच्या पत्रकांत, इंग्लंड-अमेरिकेच्या मासिकांत, ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांत. त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ट्रोव्ह नावाच्या संग्रहात सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. तिथे तीसच्या दशकातले अंक उघडलेत तर 'आपली टास्मानियाची मुलगी' म्हणून तिचं केवढं कौतुक चाललं होतं ते दिसेल. मतं मोजायची म्हटली असती तर टास्मानिया प्रचंड बहुमताने निवडून आलं असतं.

'नोंद जळाली' हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. आपल्याकडे ते 'पुरात गेलं', 'वाळवीने खाल्लं' किंवा 'कंपनी बुडाली तेव्हा कागद रद्दीत गेले' असं येतं. कधीकधी ते खरंही असतं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले. ते दुःख अजून ओसरलेलं नाही. पण एक कागद जळाला म्हणजे माणूस जगलाच नाही असं होत नाही. होबार्टला जन्मलेल्या आणि तिथे वाढलेल्या मुलीचा मागमूस आणखी दहा ठिकाणी राहतो: चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, शाळेत, बोटीच्या प्रवासी यादीत, वडील अपघातात गेले असतील तर त्या आठवड्याच्या पेपरात. एक नोंद नाहीशी झाली तर शंका घेऊ नये. सगळ्याच एकदम नाहीशा झाल्या असतील तर घ्यावी.

१९६५ मध्ये ती ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा सिडनीच्या बातमीदारांनी बालपणाबद्दल खोदून विचारलं. ती आजारी पडली आणि होबार्टला न जाताच परतली. १९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी तिचा सत्कार ठेवला. समारंभाच्या तोंडावर त्यांना कळलं होतं की तिच्या तिथल्या जन्माचा काहीच पुरावा नाही, पण आमंत्रणं गेलेली होती. त्या समारंभात तिने स्वतःच सांगितलं की आपला जन्म टास्मानियातला नाही, आणि बरं वाटत नाही म्हणून ती निघून गेली. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला ती वारली.

१९८३ मध्ये तिचं चरित्र आलं आणि टास्मानियाची कथा मोडली. तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा, मुंबईचा. मूळ नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरात क्वीनी. वडील रेल्वेत काम करणारे इंग्रज, आई शार्लट सेल्बी ही सिलोनकडची, मिश्र वंशाची. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेलं आणि मर्ल तिथल्या ला मार्टिनिएर शाळेत होती. झालं, सत्य सापडलं, असं सगळ्यांना वाटलं.

ते अर्धंच होतं. हॅरी सेल्बी नावाचा एक नातलग मर्लला आपली मावशी समजत आला होता, कारण त्याची आई कॉन्स्टन्स ही मर्लची बहीण असं घरात सांगितलं जाई. त्याने मुंबईच्या सरकारी दप्तरातून मर्लची जन्मनोंद शोधून काढली, तर आईच्या जागी शार्लट नव्हतीच. होती कॉन्स्टन्स. म्हणजे मर्ल त्याची मावशी नव्हती, बहीण होती. जिला जगाने आई मानलं ती शार्लट आजी होती, आणि खरी आई बाळंतपणाच्या वेळी स्वतःच कोवळ्या वयाची पोर. हॅरी तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला, तिने भेट नाकारली. चरित्रकारांना त्याने ही गोष्ट सांगितली नाही. बऱ्याच वर्षांनी, तिच्यावर माहितीपट करणाऱ्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेला सांगितली, आणि २००२ मध्ये ती लोकांसमोर आली.

म्हणजे १९८३ चं पुस्तक जन्मगावाबद्दल बरोबर होतं आणि आईबद्दल चूक. हे लक्षात ठेवा. एखाद्या लेखकाने एक मोठं खोटं उघडं पाडलं की त्याचं बाकी सगळंही आपण डोळे मिटून घेतो. तपासायचं ते विधान. पुस्तक नव्हे, लेखक नव्हे, एकेक विधान. तुमच्या अभिनेत्रीचं गाव ज्या लेखात बरोबर निघेल त्याच लेखातलं लग्नाचं साल चुकलेलं असू शकतं.

याच प्रकरणातली एक बारीक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. क्वीनी हे नाव राणी मेरीवरून पडलं, कारण त्या साली राजा-राणी हिंदुस्थानात आले होते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आता तारखा शेजारी ठेवा. मुलगी जन्मली फेब्रुवारी १९११ मध्ये. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले २ डिसेंबर १९११ ला. म्हणजे पोर साडेनऊ महिन्यांची झाली होती. राणीवरून लाडाचं नाव मागाहून पडलं असेल, तर जमतं. जन्मतःच ठेवलं म्हणाल, तर कसं जमणार? हकीकत खोटी ठरत नाही, पण तिला कितपत धरायचं ते कळतं. आयुष्यातल्या सगळ्या तारखा एका कागदावर उभ्या मांडल्या आणि प्रत्येकीसमोर त्या वेळचं वय लिहिलं की असे सांधे आपोआप दिसतात.

आता तुमच्या अभिनेत्रीच्या भाचीबाईंबद्दल. टास्मानियात सेंट हेलेन्स नावाचं गाव आहे. तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या सांगत आली की मर्ल ही त्यांच्याच गावातल्या लॉटी चिंटॉक नावाच्या चिनी वंशाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या बाईची मुलगी. ही माणसं खोटारडी नव्हती. त्यांच्या गावाला एक गोष्ट मिळाली होती, ती त्यांनी जपली आणि सांगता सांगता आठवण झाली. म्हणून घरच्या माणसांचं ऐकावं जरूर, मन लावून ऐकावं, पण प्रत्येक वाक्याला एक प्रश्न जोडावा: "हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?" मावशी पानात किती चुना लावायची, स्टुडिओतून रात्री किती वाजता यायची, हे भाची पाहून सांगते. मावशीचा जन्म तिने पाहिलेला नाही. आणि तारीख विचारू नका, प्रसंग विचारा. "१९४२ साली त्या कुठे होत्या?" याला उत्तर येत नाही. "गांधीजी गेले तेव्हा त्या कोल्हापुरात होत्या का मुंबईत?" याला येतं, कारण त्यानंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली होती आणि ती ज्यांनी पाहिली ते विसरले नाहीत.

आता कागदांकडे वळू. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी त्या त्या मुलखाच्या रीतीने झालेल्या आहेत. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, त्यामुळे आधीचं दप्तर संस्थानी पद्धतीचं. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. अभिनेत्री सुलोचना लाटकर यांचं जन्मगाव खडकलाट आज कर्नाटकात मोजतात. तेव्हा आजचा जिल्हा आणि तालुका बघून शोधायला निघू नका. जन्माच्या वेळी ते गाव कुणाच्या अमलाखाली होतं ते आधी पाहा, दप्तर तिकडे असेल. तुमच्याकडे जी दोन जन्मगावं आहेत त्यांत एक आजोळ आणि एक वडिलांचं गाव निघण्याची शक्यता खूप आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पुढे आयुष्यभर 'मूळ गाव' म्हणून वडिलांचंच गाव सांगितलं जायचं. असं असेल तर दोन्ही उल्लेख खरे असतात आणि दोघांचा अर्थ वेगळा असतो.

गावपातळीवर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघायचा. तो अनेकदा मोडीत असतो. मोडी येत नसेल तर पानाचा नीट उजेडात फोटो घ्या आणि वाचणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजाने अक्षरं लावू नका. त्यात बऱ्याचदा मुलाचं नाव नसतंच. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, आणि तारीख एवढंच असतं. म्हणून अभिनेत्रीचं नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. बापाच्या नावाने शोधा. पडद्यावरचं नाव तर तिथे असण्याचा प्रश्नच नाही: ललिता पवार या जन्माने अंबू सगुण, लीला चिटणीस या माहेरच्या नगरकर.

इथे एक धोका आहे आणि तुमची १९१३, १९१६, १९१८ ही तीन सालं वाचून तो मला लगेच आठवला. काही वर्षांपूर्वी एका अभिनेत्रीची नोंद शोधायला मी एका तलाठी कार्यालयात बसले होते. बापाचं नाव सापडलं, पुढे 'मुलगी', तारीख, सगळं स्वच्छ. मी उतरवून घेतलं आणि वही मिटायच्या बेतात होते. तिथल्या म्हाताऱ्या कोतवालाने विचारलं, "बाई, मयताचं पान बघितलं का?" बघितलं. चौदा महिन्यांनी त्याच बापाची 'मुलगी' वारलेली. मग पुढची पानं उलटत गेले, तर अडीच वर्षांनी पुन्हा त्याच बापाला मुलगी. जी जगली आणि पडद्यावर आली ती दुसरी. पहिल्या पानावर थांबले असते तर मेलेल्या बहिणीची जन्मतारीख मी त्या बाईला लावली असती, आणि वर 'अस्सल नोंदीवरून' असा शेरा मारला असता. मृत्यूचं पान बघितल्याशिवाय जन्माची नोंद मी त्यानंतर कधीही वापरलेली नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर हा पुढचा कागद. त्यात १ जून ही तारीख दिसली की सावध व्हा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पालकांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून टाकायचे. महाराष्ट्रात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्या दिवशी येतो तो यामुळे. पण १ जून दिसला की खोटाच, असंही नाही. नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९ चाच आहे. शाळेतलं वय पोराला लवकर घालायचं म्हणून वाढवलेलंही असतं. उलट सिनेमासिकातलं वय कमी केलेलं असतं. तुमचा १९१३ चा उल्लेख शाळेकडून आणि १९१८ चा मासिकाकडून आलेला निघाला, तर खरं साल या दोहोंच्या मध्ये असण्याचा संभव मोठा. संभवच हं. मधलं साल काढून मोकळं होण्याची ही परवानगी नाही.

पत्रिका हाती लागली तर फारच उत्तम, फक्त हिशेब नीट करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपल्याला पाठ असतं, पण इंग्रजी वर्ष पालटल्यावर, म्हणजे १ जानेवारीपासूनच्या पौष, माघ, फाल्गुनातल्या तारखांना, ७९ मिळवावे लागतात. मास्टर विनायक यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, ही तारीख शके १८२७ मध्ये पडते. घाईत ७८ मिळवलेत तर १९०५ येईल आणि वय एका वर्षाने उगाच वाढेल. जुन्या सालांमधली एक वर्षाची किती भांडणं या एका बेरजेतून आली आहेत! दुसरं, वद्य पक्षाचा महिना आपल्याकडे आणि उत्तरेकडे वेगळा मोजतात. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची, दिवस एकच. पत्रिका इंदूर-ग्वाल्हेरकडच्या ज्योतिषाने मांडलेली असेल तर हे आधी विचारा. आणि तिसरं, मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयाआधीचा जन्म असेल तर वार आणि तिथी आदल्या दिवसाची लिहिलेली असते, कारण आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. पत्रिकेत वार दिलेला असतोच. काढलेल्या इंग्रजी तारखेचा वार त्याच्याशी ताडून पाहा. जुळला नाही तर कुठेतरी घसरलात.

अँग्लो-इंडियन, ज्यू, ख्रिस्ती कलावंत मूकपटांत पुष्कळ होते, त्यांचा माग वेगळा असतो. यांतल्या ख्रिस्त्यांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि मुंबई इलाख्याची मालिका वेगळी आहे. गोव्यातला जन्म असेल तर पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी आपल्याकडच्या मानाने कितीतरी व्यवस्थित सापडते.

आता कामांची यादी. 'पहिला चित्रपट' हा शब्द मी सहसा एकटा वापरत नाही. पहिला केलेला, पहिला सेन्सॉर झालेला, पहिला लागलेला आणि पहिला नावासकट झळकलेला, हे चार वेगळे असू शकतात. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला सुद्धा दोन तारखा आहेत: २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी ऑलिंपिया थिएटरात खेळ झाला, ३ मे ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. दोन्ही बरोबर. कुठली तारीख कशाची, ते लिहा म्हणजे झालं.

नावांचा घोटाळा याहून वाईट. सुलोचना घ्या. रुबी मायर्स या पुण्यात जन्मलेल्या ज्यू अभिनेत्री, मूकपटांच्या सम्राज्ञी, १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांचा, १९८३ मध्ये वारल्या. पडद्यावरचं नाव सुलोचना. सुलोचना लाटकर या आपल्या सुलोचनादीदी, २००९ च्या महाराष्ट्रभूषण, ४ जून २०२३ ला गेल्या. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण या तिसऱ्या, गायिका, डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. पहिल्या दोघींची कारकीर्द एकमेकींवरून जाते आणि पन्नासच्या दशकात दोघीही हिंदीत आईच्या भूमिका करत होत्या. श्रेयनामावलीत नुसतं 'सुलोचना'. १९५३ च्या 'अनारकली'तली जोधाबाई म्हणजे रुबी मायर्स, आणि १९५९ च्या 'सुजाता'तली आई म्हणजे दीदी. यादीवरून हे कळणार नाही, चित्रपट लावून चेहरा बघावाच लागतो. कामाच्या पहिल्या वर्षांत मी एका सुलोचनाबाईंच्या यादीत दुसऱ्यांचे दोन चित्रपट घातले होते आणि ते छापूनही आले. आज कुणी ती यादी उतरवून घेतलेली दिसली की मला अजून वाईट वाटतं.

चेहरा हा पुरावा असतो हे आपण विसरतो. १९४२ मध्ये चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवारांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. ती वर्षासकट पडताळायची तर त्या सुमाराच्या चित्रपटांची छायाचित्रं ओळीने मांडावीत आणि डोळा कुठपासून बदलला ते बघावं. कुठल्याही मुलाखतीपेक्षा हे ठाम.

छायाचित्रं आणि चित्रपटाबरोबर निघणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या यांच्यासाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठा. १९६४ पासून तिथे हा ठेवा गोळा होतो आहे. चोपडी हातात घ्याल तेव्हा नुसती गाणी वाचू नका. कंपनीचा पत्ता, छापखाना, नामावलीतला क्रम, नावामागे 'मिस' आहे का 'मिसेस', सगळं उतरवा. चोपडीवर साल बहुतेक नसतंच, पण पत्ता बदललेला असतो, आणि कंपनी त्या पत्त्यावर कधी होती हे जाहिरातींतून काढता येतं. 'मिस' जाऊन आडनाव बदललं की लग्नाची एक मर्यादा मिळते. तीही कच्चीच, कारण लग्न झाल्यावरही कंपन्या 'मिस' ठेवत. मुंबईत आल्यास एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि दादरचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे जुनी मासिकं आणि राजपत्रं यांच्यासाठी एकेक दिवस ठेवा.

आत्मचरित्राला मी प्रसंगांसाठी मान देते, सालांसाठी नाही. त्यातही ते स्वतः लिहिलेलं आहे की सांगून दुसऱ्याने शब्दांकन केलेलं, हे बघते. साठीच्या बाईला विसाव्या वर्षीचा अपमान शब्दन्‌शब्द आठवतो, साल आठवत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

एवढं सगळं करून तुमच्या हाती काही असं लागेल जे त्या बाईने आयुष्यभर लपवलं. तेव्हा मर्लकडे परत या. तिने खोटं सांगितलं, असं एका ओळीत लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानासकट बहुतेक आशियातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वासाठी 'गोरा' धरता येत नाही असा निकाल दिला होता. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठीच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती आणि ती व्यवहारात इतर वर्णांनाही लावली जाई. खरं सांगितलं असतं तर ती कुठल्याच नायकाची नायिका झाली नसती. शार्लट गेल्यावर तिने आपल्या या 'आई'चं चित्र जुन्या फोटोवरून रंगवून घेतलं आणि चित्रकाराला त्वचा उजळ करायला सांगितली. हा तपशील मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा माझ्या पोटात कालवतं. खोटं कशासाठी, हे त्या खोट्याच्या शेजारी, त्याच परिच्छेदात यायला हवं. आपल्याकडे तमाशातून, कलावंतिणींच्या घराण्यांतून आलेल्या कितीतरी बायकांनी वडिलांचं नाव, गाव, जात बदलून सांगितली, तीही अशाच भीतीपोटी. हयात नातलगांचं नाव-गाव उघड होईल असा कागद मात्र छापू नका. माहिती वापरा, कागद जपून ठेवा.

लेखात प्रत्येक तारखेला तिची योग्यता लावा. 'जन्म १९१६' असं ठोकून देण्यापेक्षा 'शाळेच्या नोंदीप्रमाणे १९१३, पण १९३६ च्या मुलाखतीत त्यांनी स्वतः वय अठरा सांगितलं' असं लिहिलंत तर वाचकाला दोन्ही दिसतं, आणि पुढे कुणाला तिसरा कागद सापडला तर त्याला तुमच्या लेखाशी भांडावं लागत नाही. संपादक म्हणतील की वाचकाला एकच तारीख हवी असते. त्यांना समजावून सांगा. नाहीच ऐकलं तर चौकटीतली तारीख काढून टाका, पण खात्री नसलेलं साल तुमच्या नावावर छापू देऊ नका.

दिवाळी अंकाचा मजकूर ऑगस्टअखेर मागतात. तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून क्रम सांगते. भाचीबाईंना आधी भेटा. तारखा विचारायला नव्हे, वडिलांचं पूर्ण नाव, आजोळचं गाव आणि भावंडं किती झाली, त्यांतली किती जगली, हे विचारायला. पत्रिका घरात आहे का तेही विचारा, देवघराच्या फडताळात असते बहुतेक. मग दोन्ही गावांचं कोतवाल बुक, १९१२ पासून १९१९ पर्यंत, जन्म आणि मयत दोन्ही. एक मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. चोपड्या आणि मासिकं शेवटी पाहिलीत तरी चालेल.